१५ वर्षे ठेवायची गाडी

महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे आरटीओत गाडी तपासून घेऊन आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. तरी धडधाकट गाडी असणाऱ्याला ही रक्कम जड वाटू नये. कायद्याने गाडीला एवढे आयुष्य दिलेले असताना शहरांतल्या पुष्कळ गाड्या पाचव्या-सहाव्या वर्षी, कर्जाचा शेवटचा हप्ता फिटता फिटता, विक्रीला निघतात. इंजिन तोवर ठणठणीत असते. गाडी विकली जाते ती घराला अपुरी पडते म्हणून, नाहीतर तिचा कंटाळा आला म्हणून. दोन्ही चुका खरेदीच्या वेळी झालेल्या असतात आणि थोडा विचार केला तर टाळता येतात.

गाडी जास्त वर्षे ठेवण्यातला फायदा साध्या गणितात दिसतो. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवण्याचा जो तक्ता आहे, त्यात पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के, दुसऱ्या वर्षाअखेर २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा धरतात. बाजारातला भाव याच्या थोडा वर-खाली असतो, पण दिशा तीच. शिवाय हा घसारा शोरूमच्या किमतीवरचा. नोंदणीवेळी एकरकमी भरलेला रस्ताकर, विमा आणि इतर किरकोळ खर्च यांतले काहीच परत येत नाही. ऑन-रोड १२ लाखांची गाडी पाच वर्षांनी ६ लाखांना गेली, असे धरले तर वर्षाला १ लाख २० हजार रुपये नुसते मालकीपोटी गेले. तीच गाडी १५ वर्षे ठेवून शेवटी लाखाला विकली तर हा आकडा ७३ हजारांवर येतो. दहाव्या वर्षानंतर दुरुस्तीचा खर्च वाढतो हे खरे. सस्पेन्शनचे बुश, क्लच, एसीचा कॉम्प्रेसर, रेडिएटर अशी कामे निघतात. पण दर पाच वर्षांनी नवी गाडी घेणाऱ्याचा वर्षाचा जो जास्तीचा खर्च आहे, तेवढ्यात यांतली बरीच कामे भागतात.

हे गणित जमते ते मात्र एका अटीवर. गाडी शेवटपर्यंत हवीशी वाटली पाहिजे. म्हणूनच चालवण्यातला आनंद ही चैन समजून बाजूला ठेवणे चुकीचे आहे. नावडती गाडी कितीही किफायतशीर असली तरी सहाव्या वर्षी तिचे फोटो विक्रीसाठी मोबाइलवर फिरू लागतात. आवडत्या गाडीचे ऑइल वेळेवर बदलले जाते, बारीकसा आवाज आला तरी लगेच गॅरेज गाठले जाते. आवड असली की देखभाल आपोआप होते, आणि देखभाल झाली की गाडी टिकते.

घराची गरज मापताना

गरज ठरवताना वर्षातल्या ३५० दिवसांचा विचार आधी करावा आणि उरलेल्या १५ दिवसांचा नंतर. बहुतेक घरांत उलटे होते. दिवाळीत सगळे मिळून गावी जातात म्हणून सात आसनी गाडी येते आणि वर्षभर एकटा माणूस ती ऑफिसच्या पार्किंगमध्ये घुसवत बसतो. त्या चार दिवसांसाठी मोठी गाडी भाड्याने घेता येते. पण गाडी १५ वर्षे ठेवायची तर घरही १५ वर्षांनी मोठे होणार, हे धरूनच चालावे. आज लहान मुलाची खुर्ची मागच्या सीटवर बसवायची आहे. त्याच मुलाचे गुडघे दहा वर्षांनी पुढच्या सीटला टेकणार आहेत. आज खडखडीत असलेले आई-वडील तोवर सत्तरीत पोहोचलेले असतील. ठेंगण्या सेडानमध्ये बसताना खाली वाकावे लागते आणि उतरताना अंग वर उचलावे लागते, आणि गुडघेदुखीच्या माणसाला नेमके हेच जमत नाही. सीट साधारण कंबरेच्या उंचीला असली तर माणूस सरळ टेकून आत वळतो. शोरूममध्ये घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला मागच्या दाराने दोनदा आत-बाहेर करायला लावावे. ब्रोशरमधल्या कोणत्याही आकड्यापेक्षा त्यातून जास्त कळते.

डिकी लिटरमध्ये सांगितली जाते, पण आकार लिटरमध्ये कळत नाही. स्विफ्टची डिकी २६५ लिटर, होंडा सिटीची ५०६, फोक्सवॅगन व्हर्टसची ५२१. मोठी बॅग आडवी बसते का, उंबरा किती उंच आहे, आंब्याच्या पेट्या किंवा तांदळाचे पोते टाकताना किती उचलावे लागते, हे प्रत्यक्ष पाहावे. सीएनजीच्या गाडीत सिलिंडर डिकी खातो. अलीकडे टाटा आणि ह्युंदाईने दोन लहान सिलिंडर खाली बसवून त्यावर उपाय काढला आहे, पण तिथे स्टेपनी कुठे गेली हे विचारायला विसरू नये. काही गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचे किट देतात. पुण्या-मुंबईत त्यावर भागते, रात्री आंबा घाटात भागत नाही.

लांबीचा प्रश्न पार्किंगइतकाच कराचाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणून चार मीटरच्या आतल्या गाडीत त्याच पैशांत जास्त माल मिळतो. मात्र काही छोट्या सेडानमध्ये ही मर्यादा पाळायला शेपूट कापल्यासारखी दिसते, आणि १५ वर्षे रोज सकाळी पाहायची वस्तू डोळ्यांना बरी वाटली पाहिजे, हेही कारण क्षुल्लक नाही.

चालवण्याची गोडी

आनंद म्हणजे वेग, हा समज जाहिरातींनी रुजवला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, समृद्धी महामार्गावर १२० ची. गाडीचा १८० चा वेग कागदावरच राहतो. रोजच्या चालवण्यात गोडी येते ती दुसऱ्याच गोष्टींनी. स्टिअरिंग फिरवले की नाक लगेच आणि तेवढेच वळते, ब्रेकचे पेडल पायाला अंदाज देते, गिअर बोटांनी पडतो, वळणात गाडी एका बाजूला कलंडत नाही आणि खड्ड्यावरून जाताना दणका कण्यापर्यंत येत नाही. यातले काहीही वैशिष्ट्यांच्या यादीत छापलेले नसते.

वजन हा यातला सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. २०२४ च्या स्विफ्टचे इंजिन जेमतेम ८२ पीएसचे, पण गाडी सुमारे ९२० किलोची. त्यामुळे ताम्हिणीच्या किंवा वरंध घाटाच्या वळणांत ती जी चपळाई दाखवते, ती दुप्पट ताकदीच्या आणि जवळजवळ दुप्पट वजनाच्या एसयूव्हीला साधत नाही. हलक्या गाडीचे टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन कमी झिजतात, इंधन कमी लागते. इथे आनंद आणि काटकसर एकाच बाजूला आहेत, आणि खरेदीदाराचे लक्ष नेमके इथेच नसते. उंच गाडीतून रस्ता दिसतो, पाणी साचलेल्या गल्लीतून जायला धीर येतो, हे तिच्या बाजूचे मुद्दे. पण उंची वाढली की वळणात झोक वाढतो आणि तो आवरायला सस्पेन्शन कडक करावे लागते. घाटात मागे बसलेल्यांना गाडी लागते ती यामुळेही. ग्राउंड क्लिअरन्स १६५ ते १८० मिलिमीटर असला तर महाराष्ट्रातले बहुतेक रस्ते आणि बिनपट्ट्यांचे गतिरोधक निभावतात. त्यापुढची उंची खरोखर वाडीवस्तीच्या कच्च्या वाटेवर नेहमी जाणाऱ्यालाच लागते.

काचेतून बाहेर किती दिसते, हाही आनंदाचा भाग आहे. नव्या गाड्यांचे पुढचे खांब जाड आणि मागच्या काचा चिंचोळ्या होत चालल्या आहेत. उजव्या वळणावर खांबाआड दुचाकी लपते. कॅमेरा असला तरी मान वळवून दिसणे वेगळे.

इंजिन आणि इंधन

दीर्घकाळ ठेवायच्या गाडीसाठी वर्षाचे किलोमीटर हा पहिला प्रश्न. महिना हजार किलोमीटर फिरणाऱ्याची गाडी १५ ऐवजी २० चा ॲव्हरेज देत असेल तर वर्षाला २०० लिटर पेट्रोल वाचते. लिटरला १०५ रुपये धरले तर २१ हजार रुपये. ज्याची गाडी महिन्याला ४०० किलोमीटरच चालते त्याची बचत जेमतेम साडेआठ हजारांची. एवढ्यासाठी न आवडणारी गाडी पत्करण्यात अर्थ नाही, आणि बचतीच्या नावाखाली लाख-दीड लाख जास्त देऊन डिझेल किंवा हायब्रिड घेण्यातही नाही.

सर्वांत निर्धोक निवड म्हणजे टर्बो नसलेले साधे पेट्रोल इंजिन. होंडाचे १.५ लिटरचे चार सिलिंडरचे १२१ पीएसचे इंजिन, ह्युंदाईचे १.२ लिटरचे कप्पा, मारुतीची के मालिका ही या जातीची. त्यांत बिघडायला भाग कमी आणि ती उघडू शकणारे मेकॅनिक जास्त. खालच्या फेऱ्यांवर ती सुस्त वाटतात, भरलेल्या गाडीने घाट चढताना तिसरा-दुसरा गिअर टाकावा लागतो. पण फेरे वाढवत नेले की होंडाचे इंजिन ज्या उत्साहाने पळते, त्याची चटक लागलेले लोक टर्बोकडे फिरकत नाहीत.

छोटे टर्बो इंजिन खालूनच जोर देते, ओव्हरटेक एका दमात होतो. व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियामधले १ लिटरचे टीएसआय ११५ पीएस देते आणि हमरस्त्यावर ते खरोखर मजेचे आहे. त्याच्या मोबदल्यात मालकाला शिस्त पाळावी लागते. सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल, तेही मुदतीत. आणि घाट चढून आल्या आल्या किल्ली न फिरवता टर्बो निवण्यासाठी अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवणे. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांत आत जाणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा पडत नाही, त्यामुळे तिथे काळाने कार्बन साचतो आणि लाखभर किलोमीटरच्या आसपास तो साफ करण्याचे काम निघू शकते. ही शिस्त पाळणाऱ्याने टर्बो खुशाल घ्यावे. 'गाडी चालतेय ना, मग सर्व्हिसिंगला काय घाई' अशी ज्या घरची रीत असेल, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

डिझेलबद्दल २०२० नंतर मत बदलावे लागले आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे प्रत्येक डिझेल कारच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आली. ही जाळी साफ व्हायला इंजिन तापून सलग काही वेळ चालावे लागते. रोज चार किलोमीटरवर शाळा आणि बाजार करणाऱ्या गाडीत ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रस्ताकर पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त, हा खर्च वेगळा. आठवड्याला दोनदा पुणे-नाशिक किंवा सोलापूर-लातूर करणाऱ्याला डिझेल आजही शोभते. बदलीची नोकरी असणाऱ्याने आणखी एक पाहावे. दिल्ली परिसरात २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मज्जाव केला, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि पुढेही त्या नियमात फेरबदल होत राहिले. महाराष्ट्रात असा सरसकट नियम नाही, पण गाडी १५ वर्षांची सोबतीण होणार असेल तर हा धोका मनात धरावा.

सीएनजी सर्वांत स्वस्त पडतो, पण पिकअप मार खातो आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते. एसी लावून चार माणसांनी खंबाटकी चढताना पेट्रोलवर टाकण्याचा मोह होतोच. हायब्रिडमध्ये टोयोटाची प्रणाली विशेष उल्लेखनीय आहे. तीत नेहमीचा क्लच आणि गिअरपेटी नाही, बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते आणि शहरातल्या रेंगाळत्या गर्दीत ती निम्मा वेळ इंजिन बंद ठेवते. चालवायला ती शांत आहे, रंगतदार नाही.

विजेची गाडी घ्यावी की नाही, याचे उत्तर गाडीत नसून पार्किंगमध्ये आहे. स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या मीटरवरून चार्जिंग होत असेल तर ती घरखर्चात सर्वांत हलकी आणि सिग्नलवरून निघताना सर्वांत मजेची. सोसायटीची परवानगी मिळालेली नाही, पार्किंग नक्की नाही, तिथे रोजची गैरसोय लवकरच आनंद खाऊन टाकते. बॅटरी एलएफपी रसायनाची असेल तर ती वारंवार पूर्ण भरली तरी फारशी कुरकुर करत नाही, म्हणून दीर्घ मालकीसाठी तीच बरी. वॉरंटी साधारण ८ वर्षांची असते. त्या मुदतीत पल्ला किती उरला म्हणजे बॅटरी 'खराब' मानली जाते, हे करारातल्या बारीक अक्षरांत वाचून घ्यावे.

इथेनॉलचा मुद्दा सर्व पेट्रोल गाड्यांना लागू आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे मिश्रण मिळते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडा उतरणारच. नवी गाडी या मिश्रणाला अनुरूप असते. एप्रिल २०२३ पूर्वीची जुनी गाडी घेताना मात्र इंधनाच्या नळ्या आणि रबरी सील या मिश्रणासाठी आहेत का, हे कंपनीकडून लेखी विचारावे.

गिअर

ऑटोमॅटिक म्हणून चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एएमटी म्हणजे साधीच गिअरपेटी, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम मशीन करते. भारतात ती २०१४ साली मारुती सेलेरिओने आणली. ती स्वस्त आहे, दुरुस्तीला सोपी आहे आणि गिअर बदलताना मान डोलावते. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तिचा क्लच लवकर जळतो. तिथे ब्रेकच लावावा. टॉर्क कन्व्हर्टर जुना, थोडा जड, पण भारतीय गर्दीत सर्वांत भरवशाचा. सीव्हीटी लोण्यासारखी चालते, मात्र जोरात दाबले की इंजिन ओरडते आणि गाडी नंतर निघते. डबल क्लचची डीसीटी सर्वांत चपळ, पण तिच्या कोरड्या क्लचच्या प्रकाराला सिंहगड रस्त्यावरची किंवा अंधेरीची इंचाइंचाची वाटचाल मानवत नाही, तो तापतो. ज्याच्या रोजच्या रस्त्यात अशी गर्दी आहे त्याने टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीच घ्यावी. गावातल्या मोकळ्या रस्त्यांवर राहणाऱ्याला आणि चालवण्याची हौस असणाऱ्याला मॅन्युअलइतका टिकाऊ आणि बोलका गिअर दुसरा नाही. क्लचप्लेट बदलली की तो पुन्हा नव्यासारखा होतो.

जे आधी जुने होते

इंजिन आज सहज दोन लाख किलोमीटर जाते. आधी म्हातारी होतात ती भोवतालची उपकरणे. दहा इंचांचा टचस्क्रीन आज झळाळतो. आठ वर्षांनी तो मंद होतो, फोनशी त्याचे जुळत नाही आणि त्यात एसीची बटणेही कोंबलेली असतील तर नुसता पंखा वाढवण्यासाठी कसरत करावी लागते. एसी, आवाज आणि वायपर यांना हाताने फिरवायची बटणे असणारी गाडी निवडावी. एडीएएस, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, घेतली तर तिचा कॅमेरा पुढच्या काचेवर असतो. दगड लागून काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो आणि बिल फुगते.

सनरूफचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांत बोटभर छिद्रे असतात आणि त्यांतून पाणी खांबांमधल्या नळ्यांनी खाली जाते. गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल तर बारीक पाने या छिद्रांत बसतात. जुलैच्या एखाद्या संततधारेत पाणी तुंबून छताच्या कापडावर पिवळट डाग उमटतो, मग ते खांबातून उतरून गालिच्याखाली जाते, आणि तिथे वायरिंगचे जोड असतात. दर पावसाळ्यापूर्वी ही छिद्रे साफ करायची तयारी नसेल तर सनरूफ नसलेले मॉडेल घ्यावे. पैसेही वाचतात.

त्या पैशांत जे जुने होत नाही ते घ्यावे: सहा एअरबॅग, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), चांगली सीट, मागचा वायपर. धडक चाचणीचे गुण पाहताना ते कोणाचे आणि कधीचे हेही पाहावे. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला, त्याआधीचे गुण ग्लोबल एनकॅपचे असतात. चाकांच्या बाबतीत टॉप मॉडेलची सतरा-अठरा इंची ॲलॉय आणि चपटे टायर टाळणे शहाणपणाचे. खड्ड्यात टायरला फुगा येतो तो बहुधा असल्याच टायरना. १८५/६५ आर१५ किंवा २०५/६० आर१६ सारखे नेहमीचे माप तालुक्याच्या दुकानातही मिळते.

सुटे भाग कायम मिळत राहतील का, हा प्रश्न किमतीपेक्षा मोठा आहे. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. दोन्ही कंपन्यांनी सर्व्हिस चालू ठेवली, आणि फोर्डची इकोस्पोर्ट चालवणारे अजून तिचे गुण गातात. तरी हेडलाइट, बंपर, दरवाजाचे पत्रे यांसाठी थांबावे लागणे हे अशा गाडीच्या नशिबी येतेच. याउलट फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल पाहावे. रांजणगावच्या कारखान्यात ते बनले, आणि मारुती, टाटा व फियाट या तिघांच्याही गाड्यांत ते बसले. फियाट भारतातून गेली, मारुतीने २०२० मध्ये डिझेल सोडले, तरी हे इंजिन उघडू न शकणारा मेकॅनिक आजही शोधावा लागेल. अनेक गाड्यांत बसणारे इंजिन आणि गिअरपेटी असलेली गाडी निवडणे, हा दीर्घकाळाचा खरा विमा आहे.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी पत्र्याचाही विचार करावा. रत्नागिरी, अलिबाग किंवा पणजीत खारट हवेने तळ आधी गंजतो. तळाला गंजरोधक लेप सुरुवातीलाच द्यावा आणि पावसाळ्यानंतर गाडी लिफ्टवर चढवून खालून धुऊन घ्यावी. विम्यात पहिली काही वर्षे इंजिन संरक्षणाची जोड घेणेही मुंबई-ठाण्यात आवश्यक समजावे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केल्याने सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो आणि असे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही.

निवड आणि तपासणी

हे सगळे एकत्र धरले तर काही नावे पुढे येतात. एक-दोन माणसांचे किंवा तरुण जोडप्याचे घर असेल आणि गाडी गावोगावी फिरणार असेल तर मॅन्युअल स्विफ्टला तोड नाही. चौघांचे कुटुंब, भरपूर हमरस्ता आणि चालवण्याची हौस असेल तर होंडा सिटी, किंवा शिस्तीने सांभाळणाऱ्याला १ लिटरची व्हर्टस वा स्लाव्हिया. मात्र घरात गुडघेदुखी असेल तर उंच सीटची हॅचबॅक किंवा छोटी एसयूव्ही बघावी. मोठे कुटुंब आणि मोठी धाव असेल तर इनोव्हा. ती महाग आहे, चालवायला जड आहे, पण किलोमीटरच्या बाबतीत तिची ख्याती खरी आहे.

दोन-तीन वर्षांची वापरलेली गाडी घेतली तर पहिला मोठा घसारा दुसऱ्याने सोसलेला असतो, म्हणून दीर्घ मालकीसाठी हा मार्ग उत्तम. मात्र सर्व्हिसची कंपनीतली नोंद, विम्याच्या दाव्यांचा इतिहास आणि पायाखालचा गालिचा उचलून चिखलाची रेघ आहे का, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या गुळगुळीत फेरीवर घेऊन उपयोग नाही. गाडी घरी मागवावी. इमारतीच्या तळघराच्या चढावर ती अर्ध्यात थांबवून पुन्हा काढावी, गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवरून २० च्या वेगाने न्यावी, घरच्या सर्वांत वाईट गतिरोधकावरून पाच माणसांसह जावे आणि शेवटी अर्धा तास मागच्या सीटवर बसावे. रात्रीही एकदा चालवावी. हेडलाइट कमकुवत असतील तर ते दिवसा कळत नाही.

गाडी ताब्यात घेण्याआधी चॅसिस क्रमांकावरून उत्पादनाचा महिना विचारावा आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. रंग, पत्र्यांमधल्या फटी, बोनेटखालचे स्क्रू आणि बॅटरी उजेडात पाहून घ्यावी. ही तपासणी नोंदणीपूर्वीच करावी. एकदा आपल्या नावावर क्रमांक पडला की विक्रेता दोष दुरुस्त करून देतो, गाडी बदलून देत नाही.